दाताची सुई आणि आत्याबाईंचं काळीज

माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. आमच्या भागातल्या बऱ्याच सुना तसंच म्हणतात. आत्याबाईंची खालची डावी दाढ दुखायला लागली तेव्हा त्यांनी घरात कोणाला काही सांगितलं नाही, फक्त भाकरी दुधात कुस्करायला लागल्या. ज्या बाईने जन्मभर ज्वारीची कडक भाकरी आणि कच्चा कांदा कराकरा चावला, ती एकाएकी दूध-भाकरीवर आली म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, हे मला कळलं. विचारलं तर म्हणाल्या, "दात हायेत, दुखणारच. दगडाचे हायेत का?"

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि माझा स्वभाव तापट आहे. वर्गात माझा आवाज चढला की शेजारच्या वर्गातली पोरं गप्प बसतात. आत्याबाई मात्र माझ्या आवाजाला कधी भ्यायल्या नाहीत. मी ओरडायला लागले की त्या शांतपणे मिसरीची डबी उघडायच्या आणि माझं होईपर्यंत दात घासत बसायच्या.

मिसरी म्हणजे भाजलेल्या तंबाखूची काळी पूड. सकाळी गल्लीतल्या बायका आमच्या ओट्यावर जमतात, बोटाने ती दातांवर चोळत बसतात आणि तेवढ्या वेळात गावातल्या सगळ्या सोयरिकींचा निकाल लावून टाकतात. आत्याबाईंच्या उजव्या हाताचं पहिलं बोट त्या पुडीने कायमचं काळं झालं होतं. त्यांची पत्र्याची डबी भिंतीतल्या देवळीत असायची, माझ्या टूथपेस्टला अगदी खेटून. दाढ दुखायला लागल्यापासून औषध म्हणून मिसरीच त्या दाढेवर दाबायच्या.

एका सकाळी गाल लिंबाएवढा सुजला. मग मी काही ऐकून घेतलं नाही. रिक्षात घालून त्यांना माजलगावला नेलं. वाटेभर त्या पदराआड तोंड करून दाढेवर मिसरी दाबत होत्या. मी डोळे वटारले तर म्हणाल्या, "धीर येतो गं."

दातांची डॉक्टरीण माझ्यापेक्षा लहान होती, पण बोलण्यात पक्की. तिने एकेक विचारलं. "मावशी, बीपी? शुगर? हृदयाचा काही त्रास?"

"काय बी न्हाई."

"दम लागतो का?"

"वयाचा लागतो तेवढा."

"तंबाखू खाता?"

"आगं बया! तंबाखू गडीमाणसं खात्यात."

मीही वर ठासून सांगितलं की आमच्या घरात कोणालाच तसली सवय नाही. अगदी खरं समजून सांगितलं. शाळेच्या फाटकावरची 'तंबाखूमुक्त शाळा' ही पाटी माझ्याच हातची आहे. पण मिसरीला आमच्या घरात कोणी तंबाखू म्हणतच नव्हतं. ती दात घासायची वस्तू, साबणासारखी.

डॉक्टरणीला दाढेवरचं काळं किडीचंच वाटलं. तिने हिरडीत भुलीची सुई दिली. आत्याबाईंनी फक्त खुर्चीचा दांडा मुठीत धरला. मिनिटभर गेलं असेल. त्यांच्या कपाळावर घाम आला. मग हात थरथरायला लागले. "सूनबाई," त्या म्हणाल्या, "छातीत कुणीतरी पळायलंय गं."

मी बघितलं तर त्यांच्या छातीवरचा पदर हलत होता. वारा नव्हता, पंखा बंद होता. गळ्याजवळची शीर टणाटण उडत होती.

डॉक्टरणीने लगेच खुर्ची सरळ केली, त्यांना बसतं केलं, मनगट धरलं. "घाबरू नका मावशी. भुलीच्या औषधात थोडं ॲड्रेनालिन असतं, त्याने कधीकधी धडधड होते. पाच-दहा मिनिटांत उतरेल." मला म्हणाली, औषध एका जागी टिकावं आणि रक्त कमी यावं म्हणून ते मिसळतात, माणूस घाबरला की शरीर स्वतःही तेच तयार करतं. मला ते माहीत होतं. सहावी-सातवीच्या पोरांना मीच शिकवते की मूत्रपिंडाच्या डोक्यावर एक ग्रंथी टोपीसारखी बसलेली असते आणि साप दिसला की ती माणसाला पळायचं बळ देते. फळ्यावर ती टोपी काढायला मला आवडतं. पण हिरडीत टोचलेला थेंबभर पदार्थ बघता बघता छातीत पोचतो आणि समोरच्या माणसाचा पदर हलवतो, हे फळ्यावर कधी दिसलं नव्हतं.

पाच-दहा मिनिटं झाली आणि धडधड उतरली नाही. आत्याबाईंना श्वास पुरेना. डॉक्टरणीचं बोट मनगटावर होतं आणि तिचा चेहरा बदलत चालला होता. "ठोके नुसते जलद नाहीत," ती म्हणाली, "ताल सोडून पडायला लागलेत." तिने दाढेला हात लावला नाही. चाकाच्या खुर्चीत बसवून आत्याबाईंना समोरच्या फिजिशियनच्या दवाखान्यात नेलं, स्वतः खुर्ची ढकलत. मी मागून तिला बोलत होते. सुई चुकली का, औषध जास्त दिलं का, तुम्हाला माणसाची किंमत आहे का. गल्लीतले लोक वळून बघत होते. ती पुढे बघत खुर्ची ढकलत राहिली.

फिजिशियन वयस्क होते, कमी बोलणारे. त्यांनी प्राणवायू लावला, ईसीजीची पट्टी काढली, शिरेतून औषध दिलं. हळूहळू पदर हलायचा थांबला. मी सुटकेचा श्वास टाकला आणि पुन्हा डॉक्टरणीशी भांडायला वळले. फिजिशियन मात्र आत्याबाईंना डाव्या कुशीवर वळवून नळी लावून बसले होते. डोळे मिटून, खूप वेळ. मग त्यांनी विचारलं, "मावशी, लहानपणी सांधे सुजायचे का?"

आत्याबाई चकित झाल्या. "तुमाला कसं कळलं?"

मग त्यांनी सांगितलं ते मीही पहिल्यांदाच ऐकलं. त्यांचं माहेर नांदूरघाटकडचं, आई-बाप ऊसतोडीला जायचे. उसाच्या फडाजवळ पाचटाच्या कोपीत राहताना, त्या नऊ-दहा वर्षांच्या असतील, एका थंडीत त्यांचा घसा धरला आणि मग गुडघे सुजले. गुडघे बरे झाले तर घोटे, मग मनगटं. आईने एरंडाची पानं गरम करून बांधली. "मग आपोआप गेलं," त्या म्हणाल्या.

"सांध्यांतून गेलं," फिजिशियन म्हणाले, "पण हृदयात एक झडप आहे, दारासारखी उघडते-मिटते, तिच्यावर वण ठेवून गेलं. तो वण वर्षानुवर्षं आवळत आला. आता दार नीट उघडतच नाही."

मी तरी म्हणालेच, "पण सुई देईपर्यंत तर ठणठणीत होत्या!"

त्यांनी कानातली नळी काढून माझ्या हातात दिली. "बाई, भांडण नंतर करा. आधी हे ऐका."

सुरुवातीला मला नुसती खरखर ऐकू आली. मग ठोका आला. एक, मग दोन घाईघाईने, मग एक उशिरा, इतका उशिरा की माझाच श्वास अडकला. आणि ठोक्यांच्या मधून एक घरघर, दोन घरं पलीकडे कोणी जातं ओढावं तशी. ते रक्त होतं. अरुंद दारातून वाट काढणारं रक्त. मी किती तरी वर्षं मुलांकडून पाठ करून घेत आले होते, 'हृदय मुठीएवढे असते'. मी आत्याबाईंच्या मुठीकडे बघितलं. लहानशी, टणक, पहिलं बोट काळं. एवढ्याशा वस्तूने ते आवळलेलं दार लोटत तीन बाळंतपणं केली होती, विहिरीचं पाणी वाहिलं होतं, माझ्या दोन्ही लेकरांना कडेवर मिरवलं होतं. एक क्षणही बसली नव्हती. माझा राग कुठल्या कुठे गेला. त्या नळीतून डोकं वर काढावंसंच वाटेना.

एवढ्यात नर्सने आत्याबाईंना चूळ भरायला पाणी दिलं आणि भांड्यात काळं पाणी पडलं. फिजिशियननी विचारलं, "हे काय?"

"मिसरी," आत्याबाई म्हणाल्या. "दाढंवर."

त्यांनी कपाळावर हात मारला नाही, पण मारल्यासारखा चेहरा केला. तंबाखूही हृदयाला पळवते, हे त्यांनी आम्हा दोघींना नीट सांगितलं. सुई बहुतेकांना सोसते. पण अरुंद झडप, तोंडभर मिसरी, सुईची भीती आणि सुईतलं औषध, सगळं एका वेळी आलं. अरुंद दाराला घाई सोसत नाही. हृदय जितकं जोरात पळेल तितकं रक्त मागे तुंबतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. डॉक्टरीण तोवर दाराशीच उभी होती. मी तिच्याकडे बघून हात जोडले. ती म्हणाली, "माझेही हात थरथरत होते हो."

पुढचं सगळं संभाजीनगरला ठरलं. तिथल्या सर्जनने सांगितलं की झडप बदलायला हवी, आणि लवकर. नाहीतर असाच एक झटका घरात येईल आणि माजलगावपर्यंतही पोचता येणार नाही. मग त्यांनी आत्याबाईंना आ करायला लावला. "आधी ही दाढ काढून या. सडलेल्या दाढेतले जंतू रक्तातून जाऊन नव्या झडपेवर बसले, तर केलेलं सगळं मातीमोल. दाढ निघाल्याशिवाय मी छातीला हात लावणार नाही."

दाताची सुई काळजाला सोसेना, आणि दाताची सुई घेतल्याशिवाय काळजाची दुरुस्ती होईना. आत्याबाईंनी हे सगळं ऐकलं आणि परतीच्या एसटीत जाहीर करून टाकलं, "ती सुई म्या पुन्हा घेणार न्हाई. दाढ बी ऱ्हाऊ द्या आन् झडप बी ऱ्हाऊ द्या. हायेत तेवढे दिवस दूध-भाकर खाते."

घरी आल्यावर मी ओरडले. त्यांचा मुलगा, म्हणजे आमचे हे, कारखान्यातली पाळी संपवून तसेच धुळीने माखलेले आले आणि आईच्या पायाशी बसून राहिले. त्यांना बोलता येईना, मला गप्प बसता येईना. आत्याबाईंनी डबी उघडली. ती मी हिसकावून घेतली तर म्हणाल्या, "कावून छळायलीस? तुला काय ठावं, छातीत आसं पळतं तवा काय होतं? म्या मरणाला भीत न्हाई. त्या पळण्याला भिते." हे त्यांनी इतक्या साधेपणाने सांगितलं की मी डबी परत देवळीत ठेवून दिली. मला त्या रात्रीपासून खरी भीती वाटायला लागली. या बाईला मी गमावणार, आणि तेही एका दाढेपायी.

ठोके आवरायच्या गोळ्या सुरू होत्या. तपासणीला फिजिशियनकडे गेलो तेव्हा मीच सगळी कैफियत मांडली. त्यांनी समजावणं वगैरे काही केलं नाही. नळीची टोकं आत्याबाईंच्या कानात घातली आणि दुसरं टोक त्यांच्याच छातीवर टेकवलं.

आत्याबाई आधी हसल्या, कानात गुदगुल्या झाल्यासारख्या. मग हसू गेलं. मान जराशी वाकडी करून त्या ऐकत राहिल्या. पाळण्यातलं मूल झोपलं की नाही हे दाराआडून ऐकताना बाया उभ्या राहतात, तशा. बाहेर पेशंट खोळंबले होते, पण फिजिशियननी घाई केली नाही. शेवटी आत्याबाईंनी नळी काढली आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "हे कवापासून आसं करायलंय?"

"तुम्ही नऊ-दहा वर्षांच्या असल्यापासून."

"आन् म्या निजले तवा?"

"तेव्हाही."

"मला सांगितलं बी न्हाई त्यानं," आत्याबाई म्हणाल्या. "बिचारं."

घरी येताना रिक्षातून उतरताना म्हणाल्या, "दाढंचं कवा म्हणतेत ते इचार."

दाढ काढायचं ठरलं ते फिजिशियनच्या दवाखान्यात, छातीला तारा लावून. डॉक्टरीण आपली हत्यारं ताटात झाकून गल्ली ओलांडून आली. या वेळी सुईत ॲड्रेनालिन नसणार होतं. भूल लवकर उतरणार होती, म्हणून हात चलाख ठेवावा लागणार होता. जंतू मारायच्या गोळ्या तासभर आधी दिल्या होत्या. मिसरीला आठवडाभर आधीपासून बंदी होती, आणि देवळीतली डबी मी स्वतः कपाटात कुलूपबंद केली होती.

पडद्यावर हिरवी रेघ धावत होती. फिजिशियन तिच्याकडे बघून कोड्यात पडले. ठोके हवे होते त्यापेक्षा जलद होते. "गोळी घेतली ना सकाळी?" घेतली होती, माझ्यासमोर. "मग भीतीने असेल," ते म्हणाले. डॉक्टरणीने सुई भरली. सर्जनने दिलेली तारीख जवळ आली होती, आणि सगळ्यांनाच हे उरकायला हवं होतं. सुई तोंडाजवळ आली. आत्याबाई पडद्याकडे बघत होत्या, त्या हिरव्या रेघेकडे.

"थांबा," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, संपलं. आता उठून जाणार.

"सकाळी मिसरी लावली म्या." पदराच्या गाठीतून त्यांनी कागदाची एक पुडी काढली. शेजारणीकडून आणली होती. "लई भ्या वाटत हुतं म्हणून लावली. पर त्याला पळवू नका. त्यो मला आधीच लई दमलेला दिसायलाय."

या बाईने मला, नवऱ्याला, मुलाला, कोणालाही कधी 'चुकलं' म्हणून सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं. दूध उतू गेलं तर चूल वाईट, पोहे खारट झाले तर मीठ वाईट. आणि आता सगळ्यांसमोर, डोळ्यांत पाणी आणून, त्या स्वतःच्या काळजाची बाजू घेऊन बोलत होत्या. एरवी मी तोंडाचा पट्टा सोडला असता, आज मी त्यांच्या काळ्या बोटाचा मुका घेतला. वास मिसरीचाच होता.

फिजिशियन म्हणाले, "मावशी, आज तुम्ही आमच्यापेक्षा शहाण्या निघालात. दुपारी करू."

चुळा भरून झाल्या. जेवण झालं, वरण-भात, मऊ. आत्याबाई तारांसकट पडून राहिल्या आणि आम्ही सगळे त्या हिरव्या रेघेवर नजर ठेवून बसलो, दूध तापत ठेवल्यासारखे. रेघ हळूहळू निवळत गेली. दुपारी डॉक्टरीण पुन्हा आली. सुई टोचल्यावर आधी मागे ओढून बघितलं, रक्त येत नाही ना ते, मग औषध थेंबाथेंबाने सोडलं. मी आत्याबाईंच्या तोंडाकडे बघायचं सोडून पडद्याकडेच बघत होते. रेघ चालत राहिली. पळाली नाही. जरा थबकल्यासारखी झाली आणि पुन्हा आपल्या वाटेला लागली. त्या रेघेएवढं सुंदर मी तोवर काही बघितलं नव्हतं, आणि हे मी आजही हसण्यावारी नेऊ देत नाही कोणाला.

दाढ निघाली. आत्याबाईंनी ती मागून घेतली. पोरांचे पडलेले दात शेणाच्या गोळ्यात घालून छपरावर फेकायची आमच्याकडे रीत आहे, तशी त्यांनी ती घरी येऊन पत्र्यावर फेकली. "आता नवीन दात येणार का आत्याबाई?" मी चिडवलं. "दात न्हाई," त्या म्हणाल्या, "झडप येणार हाय."

आली. संभाजीनगरला छाती उघडून सर्जनने ती धातूची झडप बसवली. आम्ही बाहेर जिन्यावर बसून होतो आणि त्या वेळाबद्दल मला काही लिहिता येत नाही. त्या शुद्धीवर आल्या तेव्हा पहिलं वाक्य होतं, "त्यो कसा हाय?"

आता रक्त पातळ ठेवायची गोळी रोज आहे, तपासण्या आहेत, आणि चढ चढताना मला मागे टाकणं आहे. सकाळी गल्लीतल्या बायका अजूनही आमच्या ओट्यावर जमतात. मागच्या आठवड्यात शेजारणीने सवयीने डबी पुढे केली. आत्याबाईंनी ती उघडली, वास घेतला, डोळे मिटले, आणि झाकण लावून परत दिली. "मला आवडती गं," त्या म्हणाल्या, "पर त्याला सोसत न्हाई." त्यांचं बोट आता इतर बोटांसारखंच झालं आहे.

परवा सुट्टीच्या दुपारी मी त्यांच्याजवळ बसून वह्या तपासत होते. लाईट गेली. पंखा फिरत फिरत थांबला आणि घर एकदम गप्प झालं. त्या शांततेत मला टिकटिक ऐकू आली. बारीक, घड्याळासारखी, पण घड्याळापेक्षा जरा घाईची, एखादा ठोका पुढे-मागे होणारी. मी भिंतीकडे बघितलं. भिंतीवरचं घड्याळ तर दिवाळीपासून बंद आहे.

"आत्याबाई, कुठलं घड्याळ वाजतंय?"

त्या भिंतीला टेकून डोळे मिटून बसल्या होत्या. डोळे न उघडताच हसल्या.

"घड्याळ न्हाई बाई. म्या हाय."

लाईट येईपर्यंत मी वह्या उघडल्या नाहीत.